क्लबच्या दारात कुणी ओळखपत्रच मागितलं नाही

मावशी, नमस्कार.

माझं वय ४२. राहायला जुळे सोलापूर, पतसंस्थेत नोकरी, मुलगा दहावीला. लग्नाआधी, २००४ ते २००९, मी पुण्यात एका कॉल सेंटरला होते. कोथरूडला पीजीमध्ये आम्ही चौघी राहायचो आणि शनिवारी सुट्टी जुळली की कोरेगाव पार्काकडे नाचायला जायचो. दारूचं वेड नव्हतं, नाचायचं वेड होतं. परतीच्या रिक्षाचे पैसे पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळे ठेवायचे आणि उरेल त्यात चौघींत मिळून दोन ग्लास घ्यायचे, असा हिशेब.

गेल्या महिन्यात ट्रेनिंगसाठी पुण्याला गेले. पुतणी म्हणाली, काकू, चल, आज तुला आमचं पुणं दाखवते. बालेवाडीच्या एका क्लबात नेलं. दारावरच्या माणसाने तिचं आणि तिच्या मैत्रिणींचं आधार कार्ड बघितलं. मीही पर्स उघडून उभी होते, तर तो हसला आणि म्हणाला, "मॅम, तुम्ही जा आत." तिथेच माझं बिनसलं. आत एक गाणं ओळखीचं नाही, पोरी काय बोलतात ते ऐकू येईना, साडेबाराला डोळे मिटायला लागले. एक मुलगा म्हणाला, "आंटी, साइड प्लीज." दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला उतरेपर्यंत कानात शिट्टी वाजत होती.

तेव्हापासून कशात लक्ष नाही. रात्री सगळे झोपले की जुनी गाणी लावते, तेव्हाचे फोटो बघत बसते. पहाटे तीनला घामाघूम होऊन जाग येते आणि उगाच रडू येतं. हे म्हणतात, आता वय झालं, देवाधर्माचं बघ. स्वतः मात्र दर शनिवारी टर्फवर क्रिकेट खेळून अकराला घरी येतात. मावशी, मी म्हातारी झाले का? ते दिवस परत हवेत असं वाटणं हा वेडेपणा आहे का? ते फोटो एकदाचे डिलीट करून टाकू का?

– एक जुनी नाचरी

जुन्या नाचरे,

म्हातारी झालीस का? नाही. क्लबच्या मानाने मोठी झालीस का? हो, झालीस. ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि तू त्यांची एकच मोळी बांधून डोक्यावर घेतलीस, म्हणून मान दुखतेय. वय म्हणजे नुसता आकडा असतो, असलं काही मी तुला सांगणार नाही. तसं सांगणारे बहुतेक तिशीतले असतात.

दारावरच्या माणसाचं आधी मिटवून टाकू. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी किमान वय २१ आणि बाकी दारूसाठी २५. लायसनची धास्ती मालकाला असते, म्हणून जिच्याबद्दल शंका येईल तिचं कार्ड बघतात. तुझ्याबद्दल शंका आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पंचविशीपलीकडची सगळी माणसं त्याच्या लेखी सारखी, तीस काय नि साठ काय. आणि तो "आंटी"वाला पोरगा घाईत होता. त्याने तिथे तुझ्या पुतणीच्या मॅनेजरलाही तेच म्हटलं असतं. त्याला तुझ्या घरात राहायला जागा देऊ नकोस.

आता आतलं बघू. बोलणं ऐकू येईना म्हणालीस ना? त्यात मनाचा काही दोष नाही, तो कानाचा मामला आहे. चाळिशीनंतर गोंगाटातून एकाच माणसाचं बोलणं वेगळं काढणं हळूहळू अवघड होत जातं. घरात टीव्ही ऐकताना काही जाणवत नाही, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारीण काय म्हणाली ते दोनदा विचारावं लागतं. क्लबात तर विचारूच नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी आवाजाची वरची मर्यादा सुचवली, तीच सरासरी १०० डेसिबल आहे. आपल्या वस्तीत रात्री कायद्याने ४५ च्या वर जायचं नसतं. म्हणजे तुझ्या पुतणीलाही ऐकू येत नव्हतं. फरक इतकाच की तिला ऐकायचं नव्हतं. त्या पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघून हसतात, मान डोलावतात आणि त्यांचं चालून जातं. कानातली शिट्टी एक-दोन दिवसांत गेली असेल. अजून वाजत असेल तर मात्र कानाच्या डॉक्टरांकडे जा, अंगावर काढू नकोस.

साडेबाराला मिटणाऱ्या डोळ्यांचंही तसंच. विशीच्या आसपास माणसाचं झोपेचं घड्याळ आयुष्यात सगळ्यात उशिरा चालतं. तिथून पुढे ते वर्षागणिक लवकर लवकर सरकत जातं. शिवाय तुझी वर्षं कॉल सेंटरची. अमेरिकेच्या वेळेवर जागायचीस, शनिवारी रात्री बारा म्हणजे तुला दुपार होती! आता सकाळी उठून पोराचा डबा, मग पतसंस्थेचं काउंटर. त्या शरीराला कुणी रात्री एकला नाच म्हणालं तर ते कुरकुरणारच. गड्ड्यावर, आपल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत, लहानपणी आकाशपाळण्यात बसायचो आणि उतरून पुन्हा रांगेत लागायचो. आता एका फेरीत पोटात कालवतं. म्हणून होम मैदानावर बसून कुणी रडत नाही. भजी खातो, पोरांना पाळण्यात बसवतो आणि खालून हात हलवतो.

पण खरं सांगू? माझ्या मते त्या रात्री तुला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तू तिथे पाहुणी होतीस. गाणी पुतणीची, मैत्रिणी पुतणीच्या, वेळ पुतणीची, "आमचं पुणं दाखवते" हे वाक्यसुद्धा तिचं. बिचारीने प्रेमाने नेलं, तिला बोल लावू नकोस. पण दुसऱ्याच्या तारुण्यात पाहुणी म्हणून गेलं की माणूस कोपऱ्यातच उभा राहतो. २००५ ला जर तुझी काकू कोरेगाव पार्कात आली असती, तर तीही अशीच खांबाला टेकून पर्स पोटाशी धरून उभी राहिली असती. आणि तुम्ही चौघींनी तिला दोन मिनिटं मध्ये ओढून, मग विसरून गेला असतात.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण मला तिथे ती दिसते. तुमच्या वेळी नाचताना कुणी शूटिंग करत नव्हतं. मोबाइल होते, पण ते बोलायला आणि मेसेजला. फार तर एक डिजिटल कॅमेरा, चौघींत मिळून एखादा फोटो, तो नंतर ऑर्कुटवर. आता प्रत्येक हातात फोन, आणि प्रत्येक नाचणारी निम्मी नाचते नि निम्मी दिसते. त्या नजरेची तुला सवय नाही. माझ्या मते ती नसलेलीच बरी.

तू विचारलंस, ते दिवस परत हवेत असं वाटणं वेडेपणा आहे का. मानसशास्त्रात याची चांगली ओळख आहे. पन्नाशी-साठीच्या माणसांना आयुष्यातलं काही आठवून सांगा म्हटलं, की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग बाकी वर्षांपेक्षा उंच भरतो. कारण सगळं पहिल्यांदा घडतं ते याच काळात. पहिला पगार, पहिली भाड्याची खोली, घरी न सांगता घेतलेला पहिला निर्णय. त्या वयात कानावर पडलेली गाणीही तशीच चिकटतात. तुला नवीन गाणी फालतू वाटतात, तशी तुझी गाणी तुझ्या आईला वाटत होती आणि तिची तिच्या सासऱ्याला. तेव्हा वेडबीड काही नाही.

पण आठवण पूर्ण काढ. तू पत्रात स्वतःच्या हाताने लिहिलंयस, रिक्षाचे पैसे आतल्या कप्प्यात वेगळे ठेवायचो. त्या कप्प्याकडे नीट बघ ना. ओला-उबर नव्हत्या. रात्री रिक्षावाला कोथरूड म्हटलं की मान फिरवायचा, नाहीतर तोंडाला येईल ते भाडं सांगायचा. पीजीची मालकीण दार लावून बसलेली. चौघींपैकी एकीने शुद्धीत राहायचंच, हा अलिखित नियम. घरी सोलापूरला फोनवर सांगायचं, नाइट शिफ्ट आहे. मजा होती ती या सगळ्यासकट होती, आणि तिची निम्मी गोडी बाकी तिघी होत्या म्हणून होती. आज तुला बालेवाडीच्या त्याच क्लबात त्या तिघी भेटल्या असत्या, तर हे पत्र माझ्याकडे आलंच नसतं. तुम्ही पहिल्या अर्ध्या तासात आवाजाला शिव्या घालत बाहेर पडून कुठेतरी पावभाजी खात बसला असतात.

आता सोलापूरचं बोलते, कारण खरी गाठ इथे आहे.

आपल्या गावात नाच कमी आहे असं कुणी म्हणेल का? गणपती बघ, शिवजयंती बघ, एप्रिलमधली बाबासाहेबांची मिरवणूक बघ. लेझीम तर सोलापूरकरांच्या अंगातच आहे, हलगी वाजली की पाय थांबत नाहीत. लग्नसराईत संध्याकाळी निघ, दोन तरी वराती रस्ता अडवून उभ्या असतात. पण नाचतं कोण ते बघ. पोरं नाचतात. पोरांचे बाप नाचतात. पन्नाशीचा गडी वरातीत दोन हात वर करून फिरला की लोक कौतुकाने म्हणतात, "काका जोरात हायत बे आज." आणि बाई पस्तिशी ओलांडली की तिच्या हातात काय येतं? ओवाळायचं ताट येतं. कुणाचं तरी झोपलेलं बाळ येतं. नाहीतर नाचणाऱ्या सगळ्या पोरींच्या पर्सा येतात. तुझी म्हातारी होण्याची भीती निम्मी इथून आलीय. बालेवाडीच्या दारात ती फक्त उघड्यावर आली.

हे बदलतंय, नाही असं नाही. बायकांची लेझीम पथकं निघतात, हळदीला डीजे लागतो, कोरिओग्राफर बोलावून बायका बसवलेले डान्स करतात. बसवलेला डान्स मला फारसा पटत नाही, तो परीक्षेसारखा वाटतो. पण होटगी रोडच्या एका कार्यालयातली हळद मात्र माझ्या लक्षात राहिलीय. नवऱ्यामुलाच्या आईला सगळ्यांनी ओढून मध्ये आणलं, तिने व्हिडिओपुरत्या दोन स्टेप केल्या आणि पदर सावरत खुर्चीत जाऊन बसली. दहाला पाच मिनिटं असताना मॅनेजर घड्याळ दाखवत आला, डीजेच्या पोराने वायरी गुंडाळायला घेतल्या. फोन खाली गेले, तरुण मंडळी आइस्क्रीमकडे पळाली. तेवढ्यात कुणीतरी स्टीलच्या ताटावर पळी वाजवायला लागलं आणि ती बाई उठली. तिच्या दोन जावा, एक विहीण, भटारखान्यातून हात पुसत आलेली एक पोळ्यावाली, सगळ्या फेर धरून नाचल्या. मेकअप उतरला होता, हळद दंडावर सुकली होती आणि एकीने चपला कडेला भिरकावल्या होत्या. वीस मिनिटं चालू होतं. कुणी शूटिंग केलं नाही, कारण कुणाला ते बघण्यासारखं वाटलंच नाही.

दहाची वेळ बघ, तुझ्या कामाची आहे. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. सणावाराला वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळते, एरवी नाही. पोरांना तो जाच वाटतो. तुझ्या वयाला तो सोयीचा आहे. सोलापूरची रात्र दहाला संपते आणि तुझे डोळे साडेबाराला मिटतात, मग अडचण कुठे आहे?

मिस्टरांचं. देवाधर्माचं बघ म्हणाले ना? मग त्यांना घेऊन जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला उभी राहा आणि नंदीध्वजाच्या काठ्या पेलणाऱ्यांकडे बोट दाखव. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, त्यांत केस पिकलेलेही असतात. सिद्धेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांच्या वाटेवर एवढी उंच, जड काठी कमरेच्या जोरावर तोलत चालतात आणि त्यासाठी आधी सराव करतात. आपल्याकडे देवाधर्मात अंगमेहनत आहे, वाद्यं आहेत, गर्दी आहे, रात्रीचं शोभेचं दारूकाम आहे. वय झालं म्हणून घरी बसा असं सिद्धेश्वरांनी कुणाला सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि टर्फवरच्या शनिवारचं त्यांच्याशी भांडू नकोस. उलट ते चालू राहू दे. तो दाखलाच आहे: आठवड्यातून एक संध्याकाळ घरातलं एक माणूस खेळायला बाहेर जातं आणि घर बुडत नाही. आता दुसऱ्या माणसाची संध्याकाळ ठरव. परवानगी मागू नकोस, वार सांग. "गुरुवारी साडेसात ते नऊ मी नसणार, भाजी झाकून ठेवलेली असेल, पोळ्या गरम करून घ्या." एवढं बोलून पोराच्या अभ्यासाची चौकशी कर, म्हणजे विषय तिथेच संपतो.

त्या वेळात काय करायचं, ते सांगते. तुझ्या वयाच्या, तुझ्या गाण्यांच्या चार-सहा बायका जमव. जुळे सोलापूर, विजापूर रोड भागात डान्स क्लास, झुंबा क्लास कमी नाहीत. त्यांचे हॉल संध्याकाळच्या बॅचनंतर रिकामे पडलेले असतात, तासावर देतात का विचार. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. गाणी तुमची, २००० ते २००९ मधली, आणि आवाज एवढाच की शेजारणीचं हसणं ऐकू यावं. शिकवणारी नको, स्टेप बसवायच्या नाहीत, महिला दिनाला सादर करायचं नाही. दार लावायचं, मोठी लाइट बंद करायची आणि फोन एका पिशवीत टाकून पिशवी कडेला. हा फोनचा नियम पहिल्या दिवशीच कडक ठेव. एक व्हिडिओ सासरच्या ग्रुपवर गेला तर पुढच्या गुरुवारी निम्म्या बायका "पाहुणे आलेत" म्हणून कळवतील. बूट मात्र बरे घे. टाइल्सवर अनवाणी उड्या मारल्या की चाळिशीत टाचा आणि गुडघे दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात. पहिले दोन आठवडे उड्या कमी, डुलणं जास्त.

लोक काय म्हणतील ते तू विचारलं नाहीस, पण ते तुझ्या डोक्यात असणार. म्हणतील. झुंबाला जाते म्हण. वजन कमी करायला बाईने नाचलेलं आपल्याकडे चालतं, मजेसाठी नाचलेलं चालत नाही. माझा यावर राग आहे, पण तुझा गुरुवार त्या रागावर अडवून ठेवू नकोस.

क्लबला पुन्हा जायचंच असेल तर जा की. पण त्या तिघींबरोबर जा, वंदे भारतने सकाळी निघून, राहायची सोय करून. लवकर आत शिर, कानात बोळे घाल, मेडिकलमध्ये मिळतात, आणि अकराला बाहेर पड. वाढत्या वयात शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तोच ग्लास जास्त चढतो आणि दुसरा दिवस खातो. म्हणून चौघींत दोन ग्लास हा जुना हिशेब मोडू नका.

आता ज्यावर तू एकच ओळ लिहिलीस, त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. पहाटे तीनला घामाघूम होऊन जाग येते, उगाच रडू येतं. अगं, याचा दोष सगळा बालेवाडीला देऊ नकोस. आपल्याकडे पुष्कळ बायकांची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान थांबते, आणि त्याआधीची काही वर्षं शरीर अशी झलक दाखवत असतं. झोप मोडणं, रात्रीचा घाम, चिडचिड, रडू, पाळीच्या तारखा मागेपुढे होणं, कधी जास्त जाणं. थायरॉइड बिघडला तरी असं होऊ शकतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर थकवा वाढतो. आपल्या बायका याला "टेन्शन" म्हणून वर्षानुवर्षं काढतात. तू स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळीच्या तारखा कागदावर लिहून ने, घामाचं आणि झोपेचं आपणहून सांग, कारण दोन मिनिटांच्या तपासणीत ते विचारतीलच असं नाही. यावर उपाय आहेत. आणि उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, जेवण, काम, पोराशी बोलणं नकोसं वाटायला लागलं, किंवा जगणंच नको असं मनात आलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नकोस. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

रात्री फोटो बघत बसायचं तेवढं बंद कर. फोटो वाईट म्हणून नाही, तर अंधारात, एकटीने, झोपेच्या वेळी बघितलेला कुठलाही फोटो रडवतोच. ते दुपारी बघ. डिलीट तर मुळीच करू नकोस. उलट त्यातला एखादा बाकी तिघींना पाठव, खाली काही लिहू नकोस. कोण आधी उत्तर देते ते कळेलच. त्यांच्यातली एखादी सोलापूरच्या आसपास असेल, तर गुरुवारची पहिली बाई तुला मिळाली. नसेल तर पतसंस्थेत तुझ्या शेजारच्या काउंटरवर जी आहे, तिला उद्या डबा खाताना विचार, २००५ ला तू कुठल्या गाण्यावर नाचायचीस?

– मावशी